कामावरचा कुत्रा आणि किनाऱ्यावरचा उकाडा

एप्रिल लागला की सरकारी रुग्णालयात उष्माघात कक्ष सज्ज ठेवावा लागतो. दोन-चार खाटा, पंखे, बर्फाची सोय, सलाइन आणि थर्मामीटर, एवढाच त्याचा थाट. किनाऱ्याच्या तालुक्यांत हा कक्ष बरेच दिवस रिकामा राहतो. मग कोणीतरी म्हणतेच, ‘डॉक्टर, रायगडात कसला उष्माघात? तो अकोला-चंद्रपूरचा आजार.’ १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता.

हे आज आठवायचे कारण वेगळे आहे. मागच्या मे महिन्यात एक अंध गृहस्थ रक्तदाब तपासून घ्यायला बाह्यरुग्ण विभागात आले होते. मुंबईचे राहणारे, सुट्टीसाठी नागावला उतरलेले. सोबत पट्टा आणि हॅन्डल लावलेला लॅब्रेडॉर, खुर्चीखाली गपगार पडलेला. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, ‘मला उकडलं तर मी थांबतो, पाणी पितो. हा थांबत नाही. आणि याला त्रास होतोय की नाही, ते मला दिसत नाही. कसं ओळखायचं?’

मी माणसांचा डॉक्टर. पण उष्माघात हा विषय रोजचा, आणि प्रश्न इतका रास्त होता की पशुवैद्यक मित्रांना विचारले आणि थोडे वाचलेही. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक कुत्रेवाल्याच्या उपयोगाचे आहे. ज्यांचा कुत्रा काम करतो, त्यांच्या तर नक्कीच.

काम करणारे कुत्रे आपल्याकडे दोन तऱ्हेचे. एक, अपंग किंवा आजारी माणसाचे मदतनीस. अंधांना वाट दाखवणारे, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारे, अपस्माराच्या रुग्णाजवळ राहणारे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डनबर्ग येथे १९१६ मध्ये अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. भारतात अजून त्यांची संख्या फारच थोडी आहे. दुसरे, पोलिसांच्या श्वान पथकातले आणि आपत्ती निवारण दलातले. त्यांचे आणि आपल्या किनाऱ्याचे नाते जुने आहे. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरले होते. त्यानंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘जंजीर’ने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढले. तोही लॅब्रेडॉरच. मार्चमधल्या मुंबईच्या उकाड्यात, स्फोटांनी हादरलेल्या शहरात तो नाक जमिनीला लावून फिरत होता.

लॅब्रेडॉरचे मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाचे. बर्फाळ पाण्यातून कोळ्यांची जाळी आणि मासे ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. अंगावर दुहेरी केस, बाहेरचे राठ आणि आतले लोकरीसारखे दाट. गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड यांचीही तीच गत. स्वभावाने शिकाऊ, माणसाळलेले, म्हणून मदतीच्या कामाला जगभर हेच निवडले जातात. म्हणजे थंडीसाठी घडलेले शरीर आपण अलिबागच्या मे महिन्यात कामाला लावतो.

आता पाऱ्याबद्दल. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात तापमान किमान ४० अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीला ही मर्यादा ३७ अंश आहे, आणि शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावे लागते. किनाऱ्याला वेगळे माप का, तर दमटपणामुळे. पण अलिबाग-मुरुडला मे महिन्यात पारा बहुधा ३३-३४ च्या आसपासच घुटमळतो. म्हणजे लाट जाहीर होत नाही, वर्तमानपत्रात मथळा येत नाही आणि माणसे निर्धास्त राहतात.

कुत्र्याच्या दृष्टीने हा निर्धास्तपणा घातक आहे. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला तशा घामाच्या ग्रंथी तळपायांपुरत्याच, आणि त्यांचा थंडाव्यासाठी उपयोग नगण्य. त्याचा सगळा भार धापेवर. विश्रांतीत मिनिटाला १५ ते ३० श्वास घेणारा कुत्रा उन्हात तीनशेच्या घरात जातो. हवा ओल्या जिभेवरून, नाकाच्या आतल्या ओल्या पापुद्र्यांवरून सपासप ये-जा करते, ओलावा उडून जातो आणि जाताना रक्तातली उष्णता घेऊन जातो. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. आणि कोकणातल्या गृहिणीला हेही ठाऊक आहे की इथल्या माठातले पाणी नागपूरच्या माठासारखे गार होत नाही. विदर्भात घरोघरी चालणारा कूलर इथे नुसता दमट वारा फेकतो. हवेतच पाण्याची वाफ भरलेली असेल तर माठावरचे पाणी उडून जाणार कुठे? जिभेवरचेही नाही.

हे मोजायची एक जुनी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले मलमल गुंडाळायचे आणि वाऱ्यात धरायचे. पाणी उडते तसा पारा उतरतो. जिथे तो थांबतो, तिथवरच बाष्पीभवनाने थंड होता येते. विदर्भात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा साधारण २२ पर्यंत उतरतो. आपल्याकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २९ च्या वरच अडकतो. कुत्र्याची जीभ म्हणजे ते ओले फडकेच. कोरड्या पाऱ्यावर विदर्भ आपल्यापेक्षा आठ अंशांनी पुढे आहे, ओल्या पाऱ्यावर आपण सात अंशांनी. विदर्भातल्या उन्हात कुत्रा सुखी असतो असे मला म्हणायचे नाही. तिथे अंगावर ऊन आणि उष्ण वारा यांचा मारा असतोच. पण धाप हे त्याचे एकमेव हत्यार, आणि ते कोकणात बोथट होते.

कायद्याची नजरही कोरड्या पाऱ्यावरच आहे. ओढकाम आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर असेल अशा भागात दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, असे ते सांगतात. किनाऱ्यावरच्या घोडागाड्यांना हा नियम कागदावर लागू, पण पारा ३७ गाठतच नाही तर तो लागणार कधी? आणि कुत्रा ओझे वाहत नसल्यामुळे त्याला तेवढाही आधार नाही. त्याचा नियम त्याच्या माणसानेच ठरवायचा.

इथे या कुत्र्यांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी अडचण तिच्यात आहे. वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकवतात, तसेच वेळप्रसंगी मोडायलाही शिकवतात. मालक ‘पुढे’ म्हणाला आणि समोरून ट्रक येत असेल तर कुत्रा जागचा हलत नाही, प्रसंगी आडवा उभा राहतो. हा आज्ञाभंग त्याच्या प्रशिक्षणाचा कळस मानला जातो. पण तो मालकाच्या जिवासाठी. स्वतःला उकडतेय म्हणून थांबायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. गावातला भटका कुत्रा अकरा वाजता गाडीखाली, गटाराच्या कडेला, वाळूत खड्डा करून पडतो आणि पाचपर्यंत उठत नाही. त्याला ते स्वातंत्र्य आहे. हॅन्डल लावलेला कुत्रा मात्र शेपूट हलवत चालत राहतो.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने ब्रिटनमधल्या नऊ लाखांवर कुत्र्यांच्या २०१६ च्या दवाखाना-नोंदी तपासल्या. उष्णतेने आजारी पडलेल्यांपैकी बंद गाडीत सापडलेले फक्त पाचेक टक्के होते. जवळजवळ तीन चतुर्थांश कुत्रे चालताना, पळताना, खेळताना आजारी पडले होते, आणि एकूण आजारी कुत्र्यांपैकी साधारण सातातला एक दगावला. हे थंड हवेच्या ब्रिटनमध्ये. चालणे हेच ज्याचे काम, त्याचा धोका कुठे आहे ते यावरून दिसते.

लॅब्रेडॉरच्या बाबतीत आणखी एक. या जातीत डीएनएम-१ नावाच्या जनुकातला एक दोष आढळतो. असा कुत्रा एरवी धडधाकट असतो, पण जोरदार पळापळीनंतर पाच-दहा मिनिटांत मागचे पाय लुळे पडून कोसळतो, आणि उकाड्यात हे लवकर घडते. रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या पेशींच्या तपासणीत हा दोष कळतो. कामासाठी पिल्लू निवडताना ती तपासणी करून घ्यावी, असे माझे मत आहे.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. न पाहता कसे ओळखायचे? हाताने आणि कानाने. डॉक्टरही नाडी पाहतात ती बोटांनी आणि छाती तपासतात ती कानांनी.

आधी कान. धापेचा आवाज रोज ऐकून ओळखीचा करून ठेवावा. साधी धाप एका लयीत, हलकी असते. ती खरखरीत झाली, घशातून घरघर येऊ लागली, किंवा सावलीत बसवून दहा मिनिटे झाली तरी उतरेना, तर दिवसाचे काम तिथेच थांबवावे. मग हात. कानाची पाळी आतून नेहमीपेक्षा कढत लागते का? ओठ वर करून हिरडीवर बोट फिरवा. निरोगी हिरडी ओली, बुळबुळीत लागते. बोट चिकटू लागले तर अंगातले पाणी कमी झाले आहे. लाळ दोरीसारखी घट्ट, तारा ओढणारी झाली असेल तर तेही वाईट. आणि हॅन्डल तर सतत हातातच असते. कुत्रा सावलीच्या बाजूला ओढू लागला, एरवी बरोबर थांबणारा पायरीशी चुकला, मागचे अंग डोलू लागले, हे सगळे हॅन्डलमधून मनगटाला कळते. हे कळले की ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणू नये.

जमिनीसाठी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून ठेवावी. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. हवा ३० अंशांची असली तरी भर उन्हातले डांबर ५५ अंशांच्या पुढे जाऊ शकते. अलिबागची पुळण काळसर, त्यामुळे ती काशिदच्या पांढऱ्या वाळूपेक्षा जास्त तापते. पायांत बूट घालण्याची पद्धत आहे, पण ते तापलेला रस्ता ओलांडण्यापुरते. तासन्‌तास घातले तर आत पंजे उकडतात. अंगावरचे केस मात्र भादरू नयेत. ते उन्हापासून आडोसाही करतात. आतली सुटलेली लोकर रोज विंचरून काढली की वारा कातडीपर्यंत पोचतो.

वेळेचे म्हणाल तर पहाट. पहाटे आर्द्रता जास्त असते हे खरे, पण हवाच गार आणि रस्ताही थंड असतो. संध्याकाळी खारे वारे सुखावतात, तरी डांबर आणि सिमेंट दिवेलागणीपर्यंत धग सोडत नाहीत. मुंबईहून कुत्रा घेऊन किनाऱ्यावर आलात तर पहिले काही दिवस त्याला निम्मेच काम द्यावे. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दोन-तीन आठवडे लागतात, आणि वातानुकूलित घरातल्या कुत्र्याला ती सवय नसतेच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रोवर बरेच जण आता कुत्र्यासह येतात. गाडी खालच्या डेकवर लावून वर जाताना कुत्र्याला आत कोंडून जाऊ नये. बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढते, आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

पाणी साधेच द्यावे, आणि घरून बाटली व वाडगा न्यावा. तहानलेला कुत्रा समुद्राचे पाणी पितो, आणि त्यातल्या मिठाने आधी उलट्या-जुलाब व पुढे झटकेसुद्धा येऊ शकतात. कोकम सरबत आणि ग्लुकोजची पावडर हे आपले लाड आपल्यापुरतेच ठेवावेत.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, आपल्यापेक्षा जास्त. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठवणारी यंत्रणा यांवर घाला पडतो. अशा वेळी कुत्रा लडखडतो, ओकतो, हाक मारली तर दाद देत नाही, कोसळतो. ब्रिटनमधल्याच नंतरच्या पाहणीत दिसले की अशा कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकालाच दवाखान्यात नेण्यापूर्वी थंड केले गेले होते. बाकीचे आधी गाडीत घातले गेले. माणसांच्या बाबतीतही मी हेच पाहतो. नातेवाईक रिक्षा शोधण्यात अर्धा तास घालवतात आणि रुग्ण कढत अंगानेच दारात येतो. क्रम उलटा हवा. आधी जागेवर थंड करा, मग न्या.

थंड करायला जे पाणी हाताशी असेल ते. विहिरीचे उत्तम, नळाचे चालेल. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी मात्र दुपारी चटका देते, म्हणून आधी हातावर घेऊन पाहावे. तरुण, सशक्त कुत्रा शुद्धीवर असेल तर तोंड वर धरून त्याला सरळ पाण्यात बसवावे. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगभर पाणी ओतत राहावे आणि पंख्याने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नये. तो पाच मिनिटांत गरम होतो आणि वाफ कोंडतो. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत अडकते, हा जुना समज आता मागे पडला आहे. खेळाडू आणि सैनिकांच्या उष्माघातात थंड पाण्यात बुडवणे हाच आज सर्वांत चांगला उपाय मानतात. डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून पाहता आले तर साडेएकोणचाळीसच्या आसपास पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर अंग जास्तच गार पडते.

आणि पॅरासिटामॉल देऊ नका. उष्माघात हा ताप नव्हे. तापात मेंदूच अंगाचे तापमान चढवून ठेवतो आणि गोळी तिथे काम करते. उष्माघातात मेंदूचा इलाज चालेनासा झालेला असतो, तिथे गोळी माणसालाही उपयोगाची नाही. कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला तर ती विषारी ठरू शकते. आयबुप्रोफेनचेही तेच.

कुत्रा उठून बसला, पाणी प्यायला, म्हणून दवाखाना टाळू नये. मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत डोके वर काढतात. जवळ पशुवैद्यकीय दवाखाना नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

या सगळ्यात कुत्र्याच्या माणसाकडे दुर्लक्ष नको. मदतनीस कुत्रा ज्यांना लागतो, त्यांतल्या अनेकांचे शरीर स्वतःच उष्णतेपुढे दुबळे असते. मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची नजर आणि हातापायांतली शक्ती अंग तापले की तात्पुरती कमी होते. अपस्मारासाठीच्या टोपिरामेट आणि झोनिसमाइड या औषधांनी घाम घटतो. काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. असे औषध चालू असेल तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. ते स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये. कुत्र्याला थांबवण्याची वेळ ही बहुतेकदा या माणसानेही बसून पाणी पिण्याची वेळ असते.

हॉटेल, बँक, एसटी स्थानक, मंदिराची पडवी आणि हो, रुग्णालयसुद्धा, इथल्या माणसांना एक सांगणे आहे. हॅन्डल लावलेला कुत्रा दिसला की आपण आधी ‘कुत्रा बाहेर’ म्हणतो. बाहेर म्हणजे दुपारी दोनच्या उन्हात, फरशीवर, खांबाला बांधलेला. त्याचा माणूस आत रांगेत, त्याला न पाहू शकणारा. त्याऐवजी दोघांनाही पंख्याखाली एक कोपरा द्यावा. पाणी ठेवायचे असेल तर आधी त्याच्या माणसाला विचारावे. कामावरच्या कुत्र्याला परक्याच्या हातचे काही घ्यायचे नाही, असेच बहुधा शिकवलेले असते.